दोरीचं दुसरं टोक

अक्षर माझं वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. ही वही मुलीची गणिताची आहे, मागची पानं कोरी राहिली होती ती मी घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी माफी मागितली, कारण कुठल्याही दारात शिरताना आधी माफी मागायची माझी सवय आहे. यापुढं जे लिहीन त्यात मात्र माफी नाही.

गेल्या महिन्यात बर दुबईत ओळखीच्या एकींकडं हळदीकुंकू होतं. तिथं एक बाई सांगत होत्या, "शारजात एक वेडा मिस्त्री होता. चांगलं श्रीमंत गिऱ्हाईक हाकललं त्यानं, का तर म्हणे डबे देणाऱ्या बाईनं सांगितलं गाडी वाकडी आहे!" सगळ्या हसल्या. डबे देणारी बाई त्यांच्या शेजारीच बसली होती, हातात वाण घेऊन. ती मी. चारचौघींत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. घरी आले, साडी बदलली आणि ही वही काढली.

मिस्त्री कोल्हापूरचे, मी आजऱ्याची. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी घेत नसे. मराठी लोक मिस्त्री म्हणत, त्यांच्या हाताखालचा पेशावरचा वेल्डर उस्ताद म्हणायचा आणि मी मामा म्हणायची. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं एका शटरचं गॅरेज होतं. आत गाडी चढवायचे चार स्टँड, वेल्डिंगचं मशीन आणि एक मोठा पंखा. तिथं जुन्या अमेरिकन गाड्या यायच्या. मसल कार म्हणतात त्यांना. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या, लांब नाकाच्या, दोनच दारांच्या. इकडच्या शौकीन लोकांना त्यांचं फार वेड. सुरू केली की आमच्या डब्यांची झाकणं थरथरायची.

मिस्त्रींना त्या गाड्यांचं कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, "छाती पैलवानाची आन् पाय कोंबडीचे. सरळ पळत्यात, वळ म्हणलं की आडव्या हुत्यात." म्हणून ते फक्त खालचं काम करायचे. चासी म्हणजे खालचा सांगाडा, स्प्रिंगा, मागचे पाटे, शॉकअप, ब्रेक. इंजिनाला कधी हात लावला नाही. कुणी बोनेट उघडलं की म्हणायचे, "वरचं देव बघंल. मी कमरेखालचा डॉक्टर हाय."

गाड्यांना ते अहो-जाहो करायचे आणि बहुतेक माणसांना अरे-तुरे. गाडी शटरमधून आत आली की, "या बाई, दमला असाल," आणि मालकाला, "तू उभा राहा तिकडं." पोरं यायची नव्या इंजिनाचं वेड घेऊन. त्यांना एकच सांगणं. "आधी थांबायला शिक, मग वळायला, मग पळायला." निम्मी पोरं तिथूनच परत जायची. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं.

"चलता है" म्हणायला त्या गॅरेजात बंदी होती. जो म्हणेल त्यानं पत्र्याच्या डब्यात एक दिरहम टाकायचा. त्या पैशांची खजूर यायची. वेल्डर म्हणायचा, "उस्ताद, मेरी आधी तनख्वा तो इस डिब्बे में है." मिस्त्री म्हणायचे, "मग खजूरबी निम्मी तूच खातोस की."

आणि सगळ्यात नवल म्हणजे मिस्त्रींना गाडी चालवायचं लायसन्स नव्हतं. पाच वेळा परीक्षेला बसले, पाच वेळा नापास. दर वेळी परीक्षेची गाडी डावीकडं ओढते म्हणून परीक्षकाशी भांडले. शेवटी म्हणाले, ज्यांना वाकडी गाडी कळत नाही त्यांच्याकडून पास होऊन मला काय करायचं आहे? तेव्हापासून बसनं फिरायचे. काम झालेली गाडी वेल्डर चालवायचा, मिस्त्री शेजारी बसायचे आणि हातात माझ्या डब्यातल्या ताकाचा काठोकाठ भरलेला पेला. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, पुढचा गतिरोधक त्या पेल्यासकट ओलांडायचा. ताक सांडलं की गाडी परत आत. पँटवर ताकाचे डाग घेऊन मिस्त्री उतरायचे आणि गाडीला म्हणायचे, "तुमची चूक न्हाई बाई."

आमचे हे स्कूलबस चालवतात. घरखर्चाला हातभार म्हणून मी ओळखीच्या दहा-बारा जणांना डबे देत होते, त्यात हे गॅरेज. पहिलं वर्षभर मी डबा दारात ठेवायची, रिकामा उचलायची आणि निघायची. मिस्त्री आतून ओरडायचे, "वैनी, आमटी झकास." मी मान हलवायची. एकदा भाताचा वास घेऊन त्यांनी विचारलं, "आजऱ्याचा घनसाळ?" मी हो म्हटलं. गावाहून आलेला किलोभर तांदूळ होता, सणाचा म्हणून केला होता. ते म्हणाले, "मग तुम्ही आजऱ्याच्या. मग ठीक हाय." काय ठीक आहे ते सांगितलं नाही.

त्या जुलैत एक निळी गाडी आली. मालक मराठी, अल बर्शात राहायचे, ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा. त्यांना साहेब म्हणते. तीन लाख दिरहमला गाडी घेतली होती, म्हणजे सत्तर लाख रुपये. तिचं पुढचं-मागचं सगळं नवं करायचं होतं. चाकं धरणारे नवे आर्म, नव्या स्प्रिंगा, मोठे ब्रेक. आणि मग दुसरीकडून आणखी दांडगं इंजिन. साहेबांनी तीस हजार दिरहम आगाऊ दिले, मिस्त्रींनी तारण म्हणून तेवढ्याचाच चेक लिहून दिला. त्या पैशांतून अमेरिकेहून सामानाची खोकी आली.

नवं सामान लावायच्या आधी मिस्त्री चासीचं माप घ्यायचे. इतर गॅरेजात मशीन असतं. यांच्याकडं ओळंबा आणि दोरी. गाडी स्टँडवर चढवायची, पाण्याच्या नळीनं लेव्हल करायची, मग चासीच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूनं ठिपका. चार उजवीकडं, चार डावीकडं. मग गाडी बाजूला घेऊन ठिपक्यांवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी धरायची, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत.

मी डबा घेऊन पोहोचले तेव्हा ठिपके झाले होते. शटर अर्धं खाली, पंखा बंद, कारण वाऱ्यानं ओळंबा हलतो. जुलैच्या दुपारी, आत भट्टी. वेल्डर नमाजाला गेला होता. मिस्त्री म्हणाले, "वैनी, जरा हे टोक धरता?"

मी चप्पल काढून आत गेले. बसले आणि टोक धरलं, ठिपक्यावर अंगठ्यानं दाबून, दोरी बोटाला एक वेढा देऊन. मिस्त्री माझ्या हाताकडं बघत राहिले.

माझे वडील सुतार होते. चौकटी करायचे, दाराच्या, खिडक्यांच्या. चौकट गुण्यात आहे का, म्हणजे चारी कोपरे काटकोनात आहेत का, हे बघायला दोरी लागते आणि दोरीला दोन माणसं लागतात. मोठा भाऊ मुंबईला गेला तेव्हा दुसरं टोक धरायला कुणी उरलं नाही. मी चौथी पास झाले होते. पाचवीची पुस्तकं आणली नाहीत. पुढची सात वर्षं मी ते टोक धरलं. वडील मोजायचे, पण मोजायच्या आधी मला विचारायचे, "काय गं, बसली का?" आणि मी बघूनच सांगायची.

त्या दुपारी मी फरशीकडं बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मामा, गुण्यात नाही."

"काय म्हणालात?"

"पुढचा उजवा कोपरा मागं सरलाय."

मिस्त्रींनी टेप लावला. एका तिरक्यात आणि दुसऱ्यात अकरा मिलीमीटरचा फरक. करंगळीच्या जाडीएवढा. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "माझा खडू चुकला आसंल." ठिपके पुसले, गाडी परत चढवली, परत सगळं. वेल्डर आला होता, तो घामानं निथळत म्हणाला, "उस्ताद, पंखा!" "पंखा न्हाई." तीन वेळा मापलं, तिन्ही वेळा अकरा. मग मिस्त्रींनी पुढच्या उजव्या बाजूचा रंग आतून खरवडला. रंगाखाली खड्डे बुजवायची लांबी, त्या लांबीखाली पत्र्याला जुन्या ठोकरीची सुरकुती. कधीकाळी ही गाडी जोरात आपटली होती आणि कुणीतरी ते गुळगुळीत करून विकलं होतं.

त्या दिवशी मी बाकीचे डबे दोन तास उशिरा दिले. चार जणांनी सुनावलं. मला एकाचाही शब्द लागला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी रिकामा डबा घ्यायला तिथंच होते. मिस्त्रींनी ठिपके दाखवले, सुरकुती दाखवली. म्हणाले, "आधी पुढची चासी ओढून सरळ करायची. मग पुढची आन् मागची पोलादी नळीनं जोडायची, म्हंजे कणा हुईल. मग तुमचं नवं सामान. दोन महिनं जास्ती लागतील."

"मिस्त्री, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. गाडी कधीही ठोकलेली नाही."

"त्ये सर्टिफिकेट खाली वाकून लिवलंय का खुर्चीत बसून?"

"हे बघा, बी प्रॅक्टिकल. पुढच्या महिन्यात क्लबचा शो आहे. भोकं जरा लांबवा, सामान बसतंय. कोण खाली बघणार आहे? अकरा मिलीमीटर! चलता है."

मिस्त्रींनी पत्र्याचा डबा पुढं केला. "साहेब, एक दिरहम."

वेल्डर हसला आणि तिथंच घोटाळा झाला. साहेब लाल झाले. "हे कुणी शोधून काढलं?" मिस्त्रींनी माझ्याकडं हात केला. "ह्यांनी. आधी ह्यांनी बघितलं, मग मी मोजलं."

"ही? ही तर डबेवाली." साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कितवी शिकलीस गं?"

"चौथी," मी म्हटलं. विचारलं की खरं सांगते मी, ती पण सवयच आहे.

"चौथी! चौथी पास बाईच्या सांगण्यावरून माझी तीन लाखांची गाडी कापणार तुम्ही?"

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "ती डबेवाली न्हाई. माझ्या दोरीचं दुसरं टोक हाय. गाडी अशी वाकडी ठिऊन मी सामान लावणार न्हाई. दांडगं इंजिन घालून कुणाचं पोर शंभराच्या वर पळवंल, आन् ब्रेक मारल्यावर ही बाई उजवीकडं गेली, तर त्ये माझ्या नावावर."

"मग खलास. माझे तीस हजार परत. खोकी मला नकोत, कॅश. सहा महिने देतो. एक दिवस वर झाला तर चेक बँकेत."

गाडी त्याच संध्याकाळी ट्रकवर चढून दुसऱ्या गॅरेजला गेली. अमेरिकेची खोकी भिंतीला तशीच राहिली. तीस हजार म्हणजे सात लाख रुपये. मिस्त्रींकडं सात हजार दिरहमसुद्धा नव्हते. चेक परत गेला तर कोर्टकचेरी, मग गॅरेजचं लायसन्स, मग व्हिसा. तीस वर्षांची भाकरी त्या एका कागदावर होती.

रात्रभर मला वाटत होतं की मी तोंड उघडलं नसतं तर. दुसऱ्या दिवशी डबा देताना मी ते बोलूनही दाखवलं. "मामा, माझ्यामुळं झालं."

"वैनी, आमटीत मीठ कमी हाय," ते म्हणाले. "त्ये तेवढं तुमच्यामुळं. बाकीचं न्हाई."

मग ते सहा महिने. मिस्त्रींनी मिळेल ते काम घेतलं. पाण्याचे टँकर, बर्फाच्या व्हॅन, सिमेंटच्या गाड्या, त्यांचे मागचे पाटे. तीन लाखांची गाडी असो की गंजकी व्हॅन, माप त्याच पद्धतीनं, पंखा बंद करून. दोरीचं टोक धरायला मी. डब्याच्या पैशांत ते गाडीमागं वीस दिरहम जास्त द्यायचे. मी नको म्हटलं तर म्हणाले, "सुताराच्या लेकीनं फुकट काम करायचं नसतंय." रविवारचं मटण बंद केलं त्यांनी, बसचं तिकीट वाचवायला पाऊण तास चालत यायचे. पण डब्याचे पैसे एक तारखेच्या पुढं कधी गेले नाहीत.

माझी मुलगी म्हणाली, "आई, यू स्मेल ऑफ ग्रीस. आर यू अ मेकॅनिक नाऊ?" मी म्हटलं, "हो." यांनी विचारलं, "तुझा काय संबंध त्या भांडणाशी?" मी म्हटलं, "दोरी मी धरली होती." आठवड्यानं कंपनीच्या चार स्कूलबसचं पाट्यांचं काम त्यांनीच मिस्त्रींकडं आणलं. मला सांगितलंसुद्धा नाही, बस दारात दिसली तेव्हा कळलं.

दर महिन्याला पाच हजार जायचे. वेल्डर नेऊन द्यायचा.

पाचव्या महिन्यात साहेब स्वतः आले. निळी गाडी चालवत आले, पण शटरपासून लांबच उभी केली. दुसऱ्या गॅरेजनं आपलंच सामान आणून, भोकं लांबवून बसवलं होतं. शो झाला, फोटो झाले. आता पुढचा उजवा टायर आतल्या बाजूनं खरवडल्यासारखा झाला होता आणि शेख झायेद रोडवर ब्रेक मारताना गाडी बाजूच्या लेनमध्ये गेली होती. तेव्हा शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. साहेब हळू बोलत होते.

"मिस्त्री, झालं ते झालं. राहिलेले दहा हजार देऊ नका. तेच ॲडव्हान्स धरा. खोकीही तुमच्याकडेच आहेत. गाडी बघा."

कुणीही हो म्हटलं असतं. वेल्डरनं तर जॅक ओढायला सुरुवातसुद्धा केली होती.

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आधी तुमचं दहा हजार फिटू द्या. तंवर गाडी चालवू नका, घरात झाकून ठेवा. लेकराला तर बसवूच नका."

"अहो पण मी सोडतोय ना पैसे!"

"तुम्ही सोडताय, मी घेत न्हाई. डोक्यावर देणं ठिऊन माप घेतलं की माप ज्याचं देणं त्याच्याकडं झुकतंय. मग तुम्ही म्हणाल जरा ढिलं करा, आन् मी करीन."

"हा इगो आहे तुमचा."

"हाय की."

साहेब गेल्यावर वेल्डर कपाळाला हात लावून म्हणाला, "उस्ताद पागल है." आमचे हे तेच म्हणाले. आणि खरं लिहिते, त्या दिवशी मलाही तेच वाटलं. दहा हजार दिरहम हातात येत होते आणि माणूस उपाशी पोटी नाही म्हणत होता. मला ते कळायला वेळ लागला. पैसे माफ करून घेतले असते, तर पुढं आयुष्यभर साहेब सांगत फिरले असते की मिस्त्रीची चूक झाली होती, मी मोठ्या मनानं सोडून दिली. मिस्त्रींची चूक झालीच नव्हती. माझीही नव्हती. चूक नसताना माफी घ्यायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि चाळिशी उलटल्यावर शिकले.

नंतर ती गाडी आमच्याकडं आलीच. ओढून सरळ झाली, कणा बसला, खोकी उघडली. फरक एका मिलीमीटरवर आला आणि गतिरोधकावर ताकाचा थेंब सांडला नाही. मिस्त्री मागच्या वर्षी वयामुळं कोल्हापूरला परत गेले. फोन करतात. तिथल्या रस्त्यांना शिव्या देतात आणि घनसाळ खातात. बर दुबईच्या त्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

पण मला लिहायचं होतं ते शेवटच्या हप्त्याच्या दिवसाचं.

त्या दिवशी मिस्त्रींनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांना गॅरेजातच बोलावलं होतं. मी डबा ठेवला तेव्हा त्यांनी पाच हजारांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "तुम्ही द्या."

"मी? मामा, मला नाही जमायचं."

"कितवी शिकलीस म्हणून त्यांनी तुम्हाला इचारलं हुतं. मला न्हाई."

साहेब आले. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी घेतलं आणि न बघताच खिशाकडं नेलं. "असू दे, असू दे. विश्वास आहे."

मी म्हटलं, "मोजून घ्या."

"अगं नको, बरोबरच असणार."

"नाही. मोजून घ्या. मोठ्यानं."

वेल्डरनं मशीन बंद केलं. साहेबांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री फरशीकडं बघत होते, मदतीला आले नाहीत. मग साहेबांनी पाकीट उघडलं आणि एकेक नोट वेगळी करत मोजायला लागले. शंभर, दोनशे, तीनशे. टँकरवाल्यांनी दिलेल्या तेलकट नोटा होत्या त्या, एकमेकींना चिकटलेल्या. पन्नास नोटा झाल्या. मोजून झाल्यावर त्यांनी आतल्या खिशातून मिस्त्रींचा चेक काढला आणि माझ्या हातात दिला.

"बरोबर आहेत, ताई," ते म्हणाले. "तीस हजार. सगळे फिटले."